घड्याळ बाजूला ठेवा, पॉवर मीटर बघा

प्रति,
महाराष्ट्रात घरोघरी फायबर इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांचे सर्कल प्रमुख व नेटवर्क विभागाचे अधिकारी यांस

स.न.वि.वि.

मी इचलकरंजीत आणि आसपासच्या गावांत फायबरची कनेक्शनं जोडतो. खांबावरच्या बॉक्सपासून घरातल्या भिंतीपर्यंत वायर ओढायची, टोक तयार करायचं, ओएनटी म्हणजे घरातली इंटरनेटची डबी लावायची, तिच्यात सेटिंग भरायचं आणि वायफाय चालू करून द्यायचं, हे माझं काम. तुमच्या पगारपत्रकावर माझं नाव नाही. मी फ्रँचायझीचा माणूस, फ्रँचायझी पार्टनरची आणि पार्टनर तुमचा. ग्राहकाच्या दारात मात्र माझ्या अंगावर तुमच्या नावाचा टी-शर्ट असतो, आणि इंटरनेट बंद पडलं की बाजारात भाजी घेताना लोक मलाच थांबवतात.

कंपनीचं नाव इथे घेत नाही. एक तर हा प्रकार एकाच कंपनीत आहे असं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची कामं करणारी पोरं माझ्या ओळखीची आहेत आणि सगळ्यांचं रडगाणं एकच आहे. दुसरं म्हणजे, नाव घेतलं तर उद्या सकाळी माझं कामाच्या ॲपचं लॉगिन बंद झालेलं असेल, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पत्राला निमित्त झाला तो नवा आदेश. व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, सही नाही, तारीख नाही. त्यात चार गोष्टी आहेत. नव्या कनेक्शनला स्प्लायसिंग (मशीनवर टोकं वितळवून जोडणं) करायचं नाही, दोन्ही टोकांना फास्ट कनेक्टर (हाताने बसवायचे तयार कनेक्टर) लावायचे. काम सुरू केल्यापासून ॲपमध्ये घड्याळ चालणार. ठरलेल्या वेळेत तिकीट, म्हणजे ॲपमधली त्या कामाची नोंद, बंद झालं नाही तर त्या कामाचे पैसे कापणार. आणि महिन्याच्या आत त्याच घरून तक्रार आली तर ती आमच्या नावावर, पुन्हा जायचं ते फुकट. पहिल्या तीन गोष्टींमुळेच चौथी घडणार आहे, हे आदेश लिहिणाऱ्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

हे पत्र ग्राहकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडा हिशोब मांडतो. तुम्हाला तो पाठ असायला हवा.

एक्स्चेंजमधल्या ओएलटीतून, म्हणजे सगळ्या घरांच्या डब्या जिला जोडलेल्या असतात त्या मुख्य पेटीतून, प्रकाश निघतो तो साधारण 3 डीबीएम ताकदीने. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि वाटेतली घट डीबीमध्ये. वाटेत तो दोनदा वाटला जातो, एकदा रस्त्याकडेच्या मोठ्या बॉक्समध्ये आणि एकदा गल्लीतल्या खांबावर. आठ-आठचे दोन स्प्लिटर (प्रकाश वाटणारे तुकडे) धरले तर एका पोर्टवर 64 घरं बसतात, आणि दोन्ही स्प्लिटर मिळून 21 डीबीच्या आसपास खातात. चार-पाच किलोमीटरच्या वायरीत दीडएक डीबी जातो, वाटेतले जॉइंट आणि कपलर (दोन कनेक्टर जोडणारे तुकडे) धरून आणखी दीड. म्हणजे सगळं नीट असेल तर खांबावर मी प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावल्यावर उणे 21 दिसायला हवं. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन या फायबर तंत्राच्या ओएनटीची मर्यादा असते उणे 27 ची, त्याहून कमी प्रकाश तिला नीट वाचता येत नाही. हातात राहतात ते 6 डीबी. दर 3 डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात घेतलं तर सहा म्हणजे काय ते कळेल.

आणि हे सहा डीबी आजच्या फोटोपुरते नाहीत, पुढच्या कित्येक वर्षांसाठी आहेत. उन्हाने वायरीचं आवरण कडक होणार, कुणी गॅलरीतल्या खिळ्याला ती गुंडाळणार, उंदीर कुरतडणार, गणपतीच्या मिरवणुकीत मंडपाच्या बांबूला लागून तुटणार, आणि प्रत्येक वेळी मध्ये एक नवा जॉइंट येणार. जोडणीच्या दिवशीच यातले दोन-तीन डीबी आपण उधळले तर पहिल्याच पावसाळ्यात डबीवर सिग्नल गेल्याचा लाल दिवा लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

स्प्लायसिंग मशीनवर दोन टोकं वितळवून जोडली की लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, येते 0.05 डीबीच्या आसपास. फास्ट कनेक्टरमध्ये फायबरची काच वितळत नाही. आतल्या खोबणीत जेलमध्ये दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली असतात. चांगला बसला तर 0.3, नाहीतर 0.5, आणि टोक वाकडं कापलं गेलं तर त्याच्या कितीतरी पुढे. रात्री अकराला कुणाची वायर तुटली आणि मशीन दुसऱ्या टोकाला असलं तर फास्ट कनेक्टरने वेळ निभावते, मी स्वतः वापरतो. पण कायमच्या कनेक्शनला दोन्ही बाजूंनी तोच लावायचा, आणि फायबर कापायचा क्लीव्हर तोही आमच्या खर्चाचा, म्हणजे पातं झिजलं तरी पोरगं आणखी चार महिने त्यावरच ढकलणार. तुमची बचत कुठून आली ते आता कळलं असेल.

इचलकरंजीत याला आणखी एक पदर आहे. इथे घराला लागून यंत्रमाग असतात. हवेत कापसाचं तूस सतत तरंगत असतं, आणि आमच्या फायबरचा गाभा आहे 9 मायक्रॉनचा. कनेक्टरच्या तोंडावर तुसाचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो, आणि तसाच दाबून बसवला तर समोरच्या टोकावरही ओरखडा उठतो. कनेक्टर पुसायचा पेन आणि अल्कोहोलचे वाइप्स ही काही चैनीची वस्तू नाही. किटमध्ये ते नाहीत, म्हणून पोरं शर्टाच्या टोकाने पुसतात आणि आत घालतात. मुंबईच्या ऑफिसात बसून ठरवलेल्या किटच्या यादीत माग चालणाऱ्या गावाचा विचार कुणी केलाच नाही.

तीच गत हिरव्या-निळ्याची. हिरवा कनेक्टर 8 अंशांनी तिरका घासलेला असतो, निळा सपाट. निळा हिरव्याच्या कपलरमध्ये आरामात बसतो, कधी कधी दिवाही हिरवा लागतो, पण मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. स्टोअरमध्ये हिरव्या पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या छोट्या वायरी) संपल्या की निळ्या हातात ठेवून “आज भागवा” म्हणणारे कोण आहेत, ते तुम्ही तुमच्या स्टोअरला विचारा. तिकीट बंद होतं, फोटोत दिवा हिरवा दिसतो. दोन आठवड्यांनी काकूंचा फोन येतो, “अहो दादा, व्हिडिओ कॉल मधेच अडकतोय, परवाच तर तुम्ही लावून गेलात.”

वायर झाली की सेटिंग. बाहेरच्या माणसाला वाटतं, डबी लावली की इंटरनेट आलं. ओएनटीचा सिरीयल नंबर ॲपमध्ये टाकायचा, तो ओएलटीवर नोंदला जाईपर्यंत थांबायचं, मग व्हीलॅन (नेटवर्कमधल्या वाटेचा नंबर), मग पीपीपीओईचं म्हणजे ग्राहकाच्या लॉगिनचं नाव-पासवर्ड, मग वायफाय, आणि फोन घेतला असेल तर त्याचं सेटिंग. नोंद तुमच्या बॅकएंडच्या, म्हणजे कंपनीच्या मागच्या सिस्टीमच्या, रांगेत अडकते. संध्याकाळी तर हमखास. आम्ही ग्राहकाच्या घरी चहा पीत बसतो आणि आमचं घड्याळ चालूच. हा वेळ तुमचा, कपात आमची, हे कुठल्या हिशोबात बसतं?

घाईत काय राहून जातं तेही सांगतो. ओएनटीचा ॲडमिन पासवर्ड कारखान्यातून आलेलाच राहतो. वायफायचा पासवर्ड म्हणून ग्राहकाचा मोबाईल नंबर टाकायची सूचना तुमच्याच ट्रेनिंगच्या पानावर आहे, म्हणजे दुकानाच्या पाटीवर ज्याचा नंबर रंगवलाय त्याचं वायफाय अख्ख्या गल्लीला खुलं. डबी घराच्या मध्यावर लागायला हवी, पण तिथपर्यंत वायर न्यायला वेळ लागतो, म्हणून ती दाराजवळच टीव्हीच्या मागे ठोकली जाते. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींतून 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल आतल्या खोलीत पोचत नाही. 2.4 गिगाहर्ट्झवर सगळ्या गल्लीच्या डब्या एकाच चॅनेलवर कचाकचा भांडत असतात, आणि 1, 6, 11 यांतला मोकळा चॅनेल बघून द्यायला पाच मिनिटंही पुरतात. ती पाच मिनिटं ॲपमध्ये नाहीत. ॲपला हवा स्पीड टेस्टचा फोटो, आणि तो आम्ही डबीला चिकटून उभं राहून काढतो. आतल्या खोलीत काय येतं, हे तुमच्या कागदावर कधीच दिसत नाही.

जुन्या डब्यांचा विषय वेगळाच. कनेक्शन सोडलेल्या ग्राहकाची ओएनटी पुसून पुन्हा दिली जाते. चांगली असेल तर द्या, फेकून देण्यापेक्षा बरं. पण तिचा सिरीयल आधीच्या ग्राहकाच्या नावावर अडकलेला असतो आणि तो सोडवून घ्यायला अर्धा दिवस जातो. चार्जर दुसऱ्याच डबीचा असतो. आणि कधी कधी त्यांतली एखादी बिघडलेली असते. आपल्या वाट्याची वेळ सोडून ती अखंड प्रकाश फेकत राहते, आणि त्या पोर्टवरच्या बाकीच्या त्रेसष्ट घरांची वरची, म्हणजे घरातून एक्स्चेंजकडे जाणारी, लाईन कोलमडते. मग दिवसभर आम्ही खांबांवर एकेक कनेक्टर काढून चोर शोधायचा. अशी डबी गोदामात तपासायला तुम्हाला किती वेळ लागेल? आणि ग्राहकाने डबी परत दिली नाही तर तिची किंमत आमच्या बिलातून का वळती होते, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती. बहुतेक ओएनटी वीज जाताच बंद पडायच्या आधी ओएलटीला निरोप पाठवते की माझी वीज गेली. वायर तुटली तर असा निरोप येत नाही. म्हणजे डबीचीच वीज गेलीय की खरंच फायबर तुटलंय, हे तुमच्या स्क्रीनवर बसल्या जागी कळतं. तरी तिकीट थेट माझ्याकडे. भर उन्हात दहा किलोमीटर जायचं, तर आजोबांनी रात्री झोपताना बोर्डाचं बटण बंद केलेलं, सकाळी चालू करायचं राहिलेलं. आजोबांची काही चूक नाही. पेट्रोल माझं, आणि तो फेरा दुरुस्तीत धरत नाहीत, कारण काही दुरुस्त झालंच नाही.

वीजेवरून आठवलं. तांब्याच्या लँडलाईनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्टचा पुरवठा असायचा, घरात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरवरचा फोन डबीची वीज गेली की मुका. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेच्या काठच्या लोकांना वीज नसण्याचा अर्थ चांगलाच कळला आहे. लँडलाईन काढून फायबर घ्या म्हणून म्हाताऱ्या माणसांना फोन करणारे तुमचे लोक हे सांगत नाहीत. आम्ही सांगितलं की ग्राहक म्हणतो, “मग बॅटरीची डबी द्या की सोबत.” त्यांचं बरोबर आहे.

खांबांबद्दल लिहायलाच हवं. शहरात आमच्या बऱ्याच वायरी विजेच्याच खांबांवरून जातात. परवानगी कुठे आहे, कुठे नाही, हे वर चढणाऱ्याला कुणी सांगत नाही. खांबापासून घरापर्यंतची ड्रॉप वायर दोन प्रकारची येते. एकीत आधाराला पोलादी तार असते, दुसरीत एफआरपीची (काचतंतू-प्लास्टिकची) काडी, जिच्यातून वीज वाहत नाही. काच विजेला घाबरत नाही, पण पोलादी तार उघड्या कंडक्टरला टेकली तर ती वीज थेट हातात. तरी पोलादी तारेची गुंडाळी स्वस्त म्हणून तीच येते. शिडी आमची. हातमोजे आमचे. हेल्मेट बाईकचं. आणि वर असताना खिशात घड्याळ चालू असतं, ही गोष्ट आदेश काढताना कुणाच्या तरी डोळ्यांपुढे यायला हवी होती.

कामाचे पैसे नगावर. विमा आहे म्हणतात, कार्ड कुणी पाहिलेलं नाही. कर्मचारी राज्य विम्याचं नाव काढलं की फ्रँचायझी पार्टनरकडे बोट दाखवते आणि पार्टनर तुमच्याकडे. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यायची, हे या देशात 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून लिहिलेलं आहे. टी-शर्टवर ज्याचं नाव तो मूळ मालक, एवढं तर आम्हालाही कळतं.

ओटीपीचं थोडक्यात. काम पूर्ण झाल्याचा ओटीपी ग्राहकाने द्यायचा असतो. वेळ संपत आली की वरून फोन येतो, “आधी ओटीपी घे, काम मागाहून कर.” ग्राहकांनो, इंटरनेट चालल्याशिवाय ओटीपी देऊ नका, आमच्यापैकी कुणी गयावया केली तरी देऊ नका. तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्या. काम न होता तक्रार बंद झाली तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांनी तो हक्क दिलेला आहे. सेवेच्या दर्जाचे ट्रायचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले, त्यांत जोडणीला आणि दुरुस्तीला किती वेळ लागावा याचे निकष आहेत. कंपन्यांना घड्याळाची एवढी घाई का, त्याचं एक कारण तिथे आहे. नियम चुकीचा नाही. तिकीट खोटं बंद करून तो पाळल्याचं दाखवणं चुकीचं आहे.

कापडाचा धंदा करणाऱ्या गावात इंटरनेट म्हणजे फक्त सिनेमा नव्हे. मालवाहतुकीचं ई-वे बिल ऑनलाइन निघालं नाही तर भरलेला टेम्पो दारात उभा राहतो. त्यामुळे लाल दिवा लागला की शिव्या पडतात त्या आम्हाला, आणि त्या मी चूक मानत नाही. म्हणून मागण्या मांडतो. सगळ्या सोप्या आहेत, बहुतेकांना फारसा खर्चही नाही.

1. स्प्लायसिंग बंद करण्याचा आदेश मागे घ्या. निदान खांबाकडच्या टोकाला तरी स्प्लायसिंगच हवं. फास्ट कनेक्टर तातडीच्या दुरुस्तीपुरता ठेवा आणि नंतर ते टोक बदलायला वेगळं तिकीट द्या, पैशांसकट.

2. तिकीट बंद करताना घड्याळाऐवजी दोन आकडे सक्तीचे करा: खांबावरची पॉवर आणि घरातल्या भिंतीवरची पॉवर. दोन्हींत 1 डीबीपेक्षा जास्त फरक असेल किंवा घरात उणे 25 च्या पलीकडे गेलं असेल तर ॲपने तिकीट बंदच करू देऊ नये. ओएनटी स्वतः मिळणारी पॉवर दाखवते, तुमच्या सिस्टीमला ती वाचता येते, म्हणजे आम्ही खोटा आकडा टाकला तरी पकडला जाईल. आम्हाला ते चालेल. ग्राहकालाही हा आकडा एसएमएसने कळवा.

3. खांबावर पॉवर आधीच कमी असेल तर ती तक्रार नेटवर्क विभागाची. महिन्याच्या आतल्या फुकट फेऱ्याचा नियम लावायचाच असेल तर आमच्या टोकाच्या दोषापुरता लावा.

4. बॅकएंडच्या नोंदणीत जाणारा वेळ आमच्या घड्याळातून वगळा.

5. तिकीट पाठवण्याआधी वीज गेल्याचा निरोप आला होता का, ते बघा. आला असेल तर ग्राहकाला एक फोन करा.

6. विजेच्या खांबांजवळ एफआरपीचीच ड्रॉप वायर. शिडी, हातमोजे, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट कंपनीकडून, आणि कोणत्या खांबावर चढायची परवानगी आहे त्याची यादी लेखी.

7. किटमध्ये क्लीनिंग पेन, वाइप्स आणि कापलेले फायबरचे तुकडे टाकायला झाकणाची बाटली. हे तुकडे केसाएवढे असतात, फरशीवर दिसत नाहीत, आणि त्याच फरशीवर लहान मुलं रांगतात.

8. मोबाईल नंबरचा वायफाय पासवर्ड बंद. प्रत्येक डबीला वेगळा ॲडमिन पासवर्ड. जुनी डबी पुन्हा देताना सिरीयल मोकळा करून आणि गोदामात तपासूनच द्या. हरवलेल्या डबीची वसुली आमच्याकडून बंद.

9. प्रत्येक जोडणाऱ्याला नाव असलेलं ओळखपत्र आणि विम्याचं कार्ड, आणि त्यावर तुमचा शिक्का, फ्रँचायझीचा नव्हे.

यातली दुसरी मागणी मान्य केलीत तर बाकीच्या बऱ्याचशा आपोआप सुटतील, असं माझं मत आहे. पॉवर बरोबर आल्याशिवाय तिकीट बंद होत नाही म्हटल्यावर स्टोअरला हिरव्या पॅचकॉर्ड ठेवाव्याच लागतील, क्लीव्हरचं पातं बदलावंच लागेल, आणि गल्लीतला जो बॉक्स पुरात बुडून उठल्यापासून तसाच चालवलाय तोही कधीतरी उघडावा लागेल.

या पत्राची प्रत दूरसंचार नियामक प्राधिकरणाला आणि जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांना पाठवत आहोत. उत्तर ग्रुपवरच्या मेसेजने देऊ नका. लेटरहेडवर, तारीख आणि सहीसकट द्या, आणि त्याची एक प्रत प्रत्येक फ्रँचायझीच्या ऑफिसात दर्शनी भागात लावा. तोपर्यंत इचलकरंजीतली आम्ही काही पोरं नव्या कनेक्शनला स्वतःच्या खर्चाने मशीन भाड्याने आणून स्प्लायसिंगच करणार आहोत. उशिराची कपात करायची तर करा, पण कापलेल्या प्रत्येक रुपयाचं कारण लेखी द्या.

आपला,
फायबर जोडणारा एक तंत्रज्ञ
इचलकरंजी, जि. कोल्हापूर